गोरं करायचे पन्नास रुपये जास्त

माझ्या कम्प्युटरवर एफ-टू नावाचं बटण आहे. तसं ते सगळ्यांच्याच कम्प्युटरवर असतं, पण माझ्या बटणाला मी काम लावून दिल्तं. फोटो उघडायचा, एफ-टू दाबायचं, की झालं. तोंड गोरं, डाग गायब, दात पांढरे, डोळ्याखालचं काळं पुसलेलं. चार सेकंदांत माणूस चार दिवस सासुरवाडीला राहून आल्यासारखा टवटवीत. ही सेटिंग बसवायला मला दोन महिने लागले होते, आणि मला तिचा लई अभिमान होता.

माझा स्टुडिओ वडीगोद्रीला, हायवेच्या कडेला. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला खताचं दुकान. आत निळा पडदा, एक गोल स्टूल, दोन छत्रीवाले लाईट आणि भिंतीवर आरसा, त्याला कंगवा दोरीनं बांधलेला. कंगवा बांधला नाही तर दोन दिवसांत जातो. बायको मला म्हणते, "आपल्या स्टुडिओत तापणारे दिवे तीन. दोन छत्रीतले अन् एक तुम्ही." खोटं नाही. माझं डोकं लवकर तापतं आणि निवायला वेळ लागतो.

तेव्हा तापायला कारणंबी बराबर होती. लग्नाच्या ऑर्डरी ड्रोनवाल्या पोरांनी नेल्या. पासपोर्ट फोटो झेरॉक्सवाला काढायला लागला, निम्म्या भावात, आणि वर लॅमिनेशन फुकट. लोक माझ्या दुकानात येऊन मलाच म्हणायचे, "फोटो काय, मोबाईलमध्ये निघतो." मंग माझ्याकडं राहिलं काय? स्थळाचे फोटो आणि मेलेल्या माणसांच्या फ्रेमा. दोन्हींत एफ-टू. मुलगी असली की गोरी करायची, म्हातारा गेला की आधारकार्डावरचं तोंड कापून त्याला कोट घालायचा आणि गोरा करायचा. ज्यानं जन्मात कोट घातला नाही असे शंभर माणसं माझ्या हातून कोट घालून गेले असतील. घरचे बघायचे आणि म्हणायचे, "वा, काय साहेब दिसून राह्यले दादा!" पैसे देऊन जायचे. कुणाची तक्रार नव्हती.

पहिली तक्रार बाईंनी केली.

बाई म्हणजे माझ्या चौथीच्या बाई. माझं गाव शहागड, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकलो. शाळेत बाई दोन होत्या आणि दोघींची नावं कुणी घेत नव्हतं. एक गोऱ्या बाई आणि दुसऱ्या काळ्या बाई. आमच्या म्हणजे काळ्या बाई. "गृहपाठ कुणाचा राह्यला?" "काळ्या बाईचा." एवढं सरळ. आईबापबी तसंच म्हणायचे. त्यात काही वाईट आहे हे आमच्या डोक्यातसुद्धा येत नव्हतं. बाईंचं घर विहाराच्या मागं. वडील मजुरी करायचे, आणि त्या वस्तीतून नोकरीला लागलेल्या बाई पहिल्याच. हातात लाकडी पट्टी असायची, पण ती त्यांनी कुणाला मारलेली मला आठवत नाही. पट्टी टेबलावर आडवी ठेवायच्या आणि नुस्तं बघायच्या. पुरायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका शनिवारी बाई दुकानात आल्या. डाव्या गालावरून पदर धरलेला.

"अरे, बसू का?"

"बसा बाई, बसा!" मी स्टूल पुसलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, पण बाईंसमोर आपोआप उभाच राहिलो.

त्यांनी पदर बाजूला केला. जबड्याखाली सूज होती.

"गाठ आहे," त्या म्हणाल्या. "लोक विचारतात, तंबाखू खायच्या का. मी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. असो. पुढच्या शुक्रवारी संभाजीनगरला ऑपरेशन आहे. हाड काढावं लागेल म्हणालेत डॉक्टर. नंतर हे तोंड असं राहणार नाही. त्याच्या आत मला एक चांगला फोटो पाहिजे."

मी म्हणलं, "काही होत न्हाई बाई, आजकाल सगळं बराबर करतात."

"मी घाबरले म्हणून नाही आले. माझी नात आहे, पुण्याला. दुसरीत. ती माझ्यावर गेली आहे. रंगानं, कपाळानं, सगळ्यानं. सगळे तिला सांगतात, आजीवर गेलीस. कौतुकानं सांगत नाहीत, तुला कळतं. परवा मला व्हिडिओ कॉलवर म्हणाली, आजी, मम्मीचा फोन मला गोरं करतो, मी तशीच छान दिसते." बाई थोडं थांबल्या, बोलताना त्यांना दुखत असावं. "ऑपरेशननंतर ती मला भेटेल तेव्हा हे तोंड नसेल. मग ती कुणावर गेली ते तिला कुठं दिसणार? म्हणून एक फोटो पाहिजे. माझा."

"एक नंबर काढतो बाई. तुम्ही टेन्शनच घेऊ नका."

आणि मी नेहमीसारखं केलं. निळा पडदा, दोन्ही छत्र्या समोरून, "हनुवटी खाली घ्या, इकडं बघा, रेडी!" फोटो काढला. बाई गेल्या. मी फोटो उघडला आणि एफ-टू दाबलं. बाईंनी जे जे सांगितलं ते सगळं मी कान देऊन ऐकलं होतं, मान हलवली होती, डोळ्यांत पाणीबी आल्तं. तरी दाबलं. बोटाला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन भुवयांमध्ये टिकली दिसंना म्हणून एक टिकलीबी लावून दिली. बाई टिकली लावत नाहीत हे आमच्या वर्गातली चाळीस पोरं पाठ सांगतील.

सोमवारी त्या फोटो न्यायला आल्या. चष्मा लावला, फोटो हातात धरला.

"छान आहे," म्हणाल्या. "कोण आहे ही?"

माझं डोकं सरकलं. दोन तास मी त्या फोटोवर बसलो होतो. खरं म्हणजे चार सेकंद, पण वाटायला दोन तास वाटले. म्हणलं, "बाई, तुम्हीच हायेत की! लाईट पडला की असंच येतं."

"लाईट पडला की टिकली येते?"

मी फडक्यानं काउंटर पुसायला लागलो.

"अरे, मला माहीत होतं. तुम्ही पोरं मला काळ्या बाई म्हणायचात."

खालची फरशी फाटावी आणि आपण आत जावं असं झालं. मी काहीतरी पुटपुटलो, लहान होतो, कळत नव्हतं, असलं.

"ऐक. तोंडावर कुणी म्हणालं नाही, पाठीमागं सगळे म्हणाले. त्याच नावानं मी नोकरी केली, घर बांधलं, पोराला इंजिनीअर केलं. आता या वयात मला गोऱ्या बाई करतोस का?" आवाज चढला नाही त्यांचा. "आणि हा फोटो ती पोरगी बघणार. तिला वाटेल, आजीसुद्धा फोटोत गोरी झाली. म्हणजे काळं असणं खरंच चुकीचं असेल." त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला. "उद्या चारला येते. पुन्हा काढ. जमत नसेल तर आत्ताच सांग, जालन्याला जाते."

"जमतं की बाई. न जमायला काय झालं?"

त्या गेल्या आणि मी शटर अर्धं खाली ओढून बसलो. पहिल्यांदा बाईंचा राग आला. मंग स्वतःचा आला. कारण खरं सांगायचं तर मला जमत नव्हतं. या धंद्यात इतकी वर्षं काढली, आणि काळं तोंड काढायचं कसं हे मला येत नव्हतं. आमच्याकडं दहातले आठ माणसं काळेसावळे. म्हणजे दहातल्या आठ गिऱ्हाइकांचा फोटो मला येत नव्हता, आणि ते झाकायला मी एफ-टू बसवलं होतं. ज्यानं मला धंदा शिकवला त्यानं सांगितलं होतं, लाईट समोरून मारायचा, भरपूर मारायचा. मी मारत राहिलो. समोरून लाईट मारला की नाक-गाल-कपाळ एक होतं, तोंड भाकरीसारखं सपाट येतं. सपाट आलं की आणखी उजळायचं, उजळलं की चुन्यासारखं दिसतं, मंग त्याला गुलाबी करायचं. असा सगळा कारभार.

बायको डबा घेऊन आली. मी म्हणलं, "बस इथं स्टुलावर."

"जेवता का न्हाई?"

"बस म्हणलं ना!"

बायको माझी सावळी. बसली. मी दोन्ही छत्र्या बंद केल्या आणि फोटो काढला. काळाकुट्ट. कॅमेरा ऑटोवर टाकला तर त्यानं तिचं तोंड बघून आपणहून उजेड वाढवला. मी म्हणलं, हा बी आमच्यातलाच! ऑटो बंद केलं, सगळं हातानं बसवायला लागलो. दुकानाचं तोंड पूर्वेला, त्यामुळं दुपारनंतर ऊन पाठीमागं जातं आणि समोरून नुस्ता उजेड येतो, ऊन नाही. शटर पूर्ण वर केलं. तिला स्टुलावर आडवं वळवलं, म्हणजे उजेड तिच्या एका गालावरून आला. दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी लग्नाच्या स्टेजचा थर्माकोल पडलेला होता तो उभा केला. तोंड यायला लागलं. पण राखेसारखं करडं दिसत होतं.

"पावडर लावली का तू?"

"स्टुडिओत बसायचं म्हणल्यावर लावली आरशापुढं. तुमचीच तर शिस्त हाये, पावडरशिवाय फोटो न्हाई."

"धुऊन ये."

ती मागच्या नळावर तोंड धुऊन आली. मी म्हणलं, थोडं खोबरेल लाव गालाला. आता ती हसायला लागली. "लग्नाला बावीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून राह्यले. काय झालंय काय तुम्हाला?"

मी बघतच होतो. कपाळावर तांबूस झाक होती, गालाच्या हाडावर तेलाची बारीक चमक, हनुवटीखाली जांभळट. इतके रंग त्या तोंडात होते आणि मी ते दरवेळी एका बटणानं पुसून टाकत होतो. निळा पडदा काढून घरची चॉकलेटी चादर लावली तेव्हा ते तोंड चांगलंच उठून आलं. एकच अडचण राहिली. हायवेवरून ट्रक गेला की समोरचा उजेड एकदम दबायचा. मंग ट्रक जाऊ द्यायचा आणि पुढचा यायच्या आत बटण दाबायचं.

बायकोला स्क्रीनवर फोटो दाखवला. ती स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली.

"तुमच्या दुकानात माझे इतके फोटो हायेत," ती म्हणाली, "पर माझा हा पहिलाच."

तिच्या बोलण्यात चिडवणं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

मंगळवारी बाई बराबर चारला आल्या. सूज शनिवारपेक्षा वाढलेली. मी विचारलं, "गाठीची बाजू लपवू का बाई?"

"लपव. ती माझी नाही, ती पाहुणी आहे."

म्हणून उजवा गाल उजेडाला दिला. सगळं बसवलेलंच होतं, फक्त मी "रेडी" म्हणलो आणि घोळ झाला. आमच्या भागात फोटोवाल्यानं "रेडी" म्हणलं की माणूस श्वास धरतो, मान ताठ, डोळे मोठे, हात गुडघ्यावर. बाईंनीबी धरला. दहाबारा फोटो काढले, सगळ्यांत त्या निवडणुकीच्या ओळखपत्रावर बसल्यासारख्या. मधून ट्रक जात होते. बाईंच्या डोळ्यांत दुखणं दिसायला लागलं होतं, आणि परवा त्या जाणार होत्या. तिसरी संधी मिळणार नव्हती. मी कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर घेतला, उगंच लेन्स पुसली.

"तू घाबरलायस," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई."

"सतराचा पाढा म्हण."

"आँ?"

"म्हण म्हणते ना."

कॅमेरा डोळ्याला लावूनच मी सुरू केलं. सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट, पंच्याऐंशी. आणि अडकलो. चौथीतबी तिथंच अडकायचो. बाई नुस्त्या बघायला लागल्या. भुवई थोडी वर, ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं, आता हा काय ठोकतो बघू असं. पट्टी टेबलावर ठेवून बघायच्या अगदी तसं. रस्ता मोकळा होता. मी बटण दाबलं.

"एकशे दोन, गाढवा," बाई म्हणाल्या.

मला तिथंच कळलं की फोटो आला.

मोठी कॉपी माझ्या मशीनवर निघत नाही. ती जुन्या जालन्यातल्या लॅबमधून येते. फोटोची फाईल मी संध्याकाळी लॅबवाल्याला पाठवली. फाईल पाठवताना बोट एफ-टूवर गेलं होतं, ते डाव्या हातानं उचलून बाजूला ठेवलं. बुधवारी दुपारी काळीपिवळीवाल्यानं दुकानासमोर जीप उभी करून पाकीट दिलं. मी उभ्यानंच फाडलं.

आत गोऱ्या बाई.

मला पहिल्यांदा वाटलं मीच चुकून दाबलं. कम्प्युटर बघितला, नाही. लॅबवाल्याला फोन लावला.

"अरे भौ, तू घाईत एफ-टू मारायचा विसरला होता," तो खुशीत म्हणाला. "फोटो बिलकुल डार्क आल्ता. मंग मी मारून दिला. टेन्शन न्हाई घ्यायचं!"

"तुझ्याकडं एफ-टू कुठून आला?"

"कमाल करतो! तूच तर दिल्ता मला. चहा पाजला होता मी त्याच्यावर. अंबडवाल्याला दिला, परतूरवाल्याला दिला. आता आपल्या सगळ्या जिल्ह्यात तुझाच एफ-टू चालू हाये!"

मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. तो बिचारा ऐकत राहिला. त्याची चूक एवढीच की त्यानं मला मदत केली. शेवटी म्हणलं, "मी येऊन राह्यलो. मशीन चालू ठेव."

पन्नासेक किलोमीटर, दुपारचं ऊन, अंबडवरून जालना. डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि गाडी काढली. सकाळी बाई निघणार होत्या, शुक्रवारी ऑपरेशन. रस्ताभर मी स्वतःला शिव्या घालत होतो. किती पोरींचे स्थळाचे फोटो मी या बटणातून काढून दिले होते. पाहुणे फोटो बघून घरी यायचे, पोरगी बघून चहा अर्धा ठेवून उठायचे. एकदा एका बापानं मला विचारलंही होतं, फोटो चांगला येतो, मंग जमत का न्हाई? मी म्हणलो होतो, नशीब असतं एकेकाचं. त्या बापाचं तोंड मला अंबडच्या पुढं आठवलं आणि जालन्यापर्यंत ते गेलं नाही.

लॅब म्हणजे कापडाच्या दुकानांच्या बोळात वरच्या मजल्यावरची एक खोली. लॅबवाला माझ्या वयाचा, जोडीला बसून काम शिकलेला. मी त्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो आणि एफ-टू काढून प्रिंट मारायला लावली. तरी उजळच आली. मशीनलाच त्यानं उजळ करायची सेटिंग टाकून ठेवली होती, सगळ्या गिऱ्हाइकांसाठी. ती शोधून बंद केली. दुसरी प्रिंट हिरवट आली. कागद वाया जायला लागला तसा तो कुरकुरला, "डार्क म्हणून गिऱ्हाईक वापस आलं तर मला बोलू नको हां."

तिसरी प्रिंट आली. लॅबवाल्यानं ती ट्रेमधून उचलली आणि खिडकीजवळ नेली.

"असंबी निघतंय व्हय आपल्या मशीनमधून?" तो म्हणाला.

"निघतंय म्हणजे काय. आपणच काढत नव्हतो."

तो फोटोकडं बघत राहिला. मंग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या आईचा असाच काढून देशील का? आणतो तिला." मी हो म्हणलं, प्रिंट दोन पुठ्ठ्यांत घातली आणि अंधार पडायच्या आत घर गाठलं.

गुरुवारी सकाळी बाईंच्या मुलाची गाडी दुकानापुढं थांबली. बाई पुढच्या सीटवर होत्या. मी खिडकीतून फोटो दिला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघितलं. मी खाली आपल्या चपलांकडं बघत उभा, निकाल लागायच्या दिवशी उभा राहायचो तसा.

"अरे, ही तर ती आहे," बाई म्हणाल्या. "मोठी झाली की अशीच दिसेल."

मला रडू आलं. रस्त्यावर, पंक्चरवाल्यासमोर. लपवता आलं नाही. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "जमलं तुला." गाडी गेली.

ऑपरेशन नीट झालं. नीट म्हणजे बाई वाचल्या. खालच्या जबड्याची डावी बाजू गेली, गाल आत बसला, बोलणं अस्पष्ट झालं, दोन महिने नळीनं जेवण. मी दवाखान्यात एकदा भेटायला गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना पहिल्या झटक्यात ओळखलं नाही. ते मला अजून खातं.

इकडं मी दुकानात कारभार बदलला. छत्र्या काढल्या नाहीत, पण एक बंद केली आणि दुसरी बाजूला सरकवली. गिऱ्हाइकाचा एक गाल कायम दाराकडं. पावडरचा डबा काढला. "रेडी" बंद. त्याच्याऐवजी गिऱ्हाइकाला काहीतरी विचारत बसतो. कपाशीला पाणी दिलं का, सासू कशी आहे, पाढे. एका फोटोला आधी पाच मिनिटं लागायची, आता पाऊण तास लागतो. मंग जुन्या भावात परवडेना. बायको म्हणाली, "भाव वाढवा. अन् एफ-टूचे पैसे येगळे लावा." मी म्हणलं, लोक जोड्यानं मारतील. ती म्हणाली, लावून तर बघा. तिनंच पाटी रंगवून आणली: इथं आहे तसा फोटो निघेल. गोरं करायचे पन्नास रुपये जास्त.

दोन महिने लोक पाटी वाचून हसले आणि झेरॉक्सवाल्याकडं गेले. पंक्चरवाला म्हणाला, "याड लागलं का तुला? गोरं करायला खर्चा?" मीबी एक दिवस पाटी उतरवायला स्टुलावर चढलो होतो. बायकोनं खाली ओढलं. मंग लॅबवाला आईला घेऊन आला. तिचा फोटो त्यानं लॅबमध्येच लावला, तिथं सगळ्या जिल्ह्याचे फोटोवाले येतात. मंग कुणी रिटायर होणारे मास्तर आले, कुणी आईबापांना जोडीनं घेऊन आलं, जिवंतपणी, कोट न घालता. एका पोरीनं स्थळाचा फोटो आहे तसा काढून घेतला आणि म्हणाली, "ज्याला यायचं तो हे बघूनच येऊ दे." लई श्रीमंत झालो असं नाही, पण दुकानाचं भाडं आता त्याच कामातून निघतं. पन्नास रुपये जास्त देणारेही आहेत. मागतील त्याला देतो, दुकान आहे, देऊळ नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाई नातीला घेऊन आल्या. सून होती, मुलगा गाडीत. बाईंचा पदर नाकापर्यंत. नात बारकी, काळी, मोठ्या कपाळाची. तोंडावर पावडरचा थर इतका की कानाजवळ खरा रंग सुरू होत होता तिथं रेघ उमटली होती. स्टुलावर बसली आणि माझ्याकडं रोखून बघायला लागली.

सून म्हणाली, "घरी आईंचा फोटो बघितल्यापासून हट्ट धरलाय हिनं, मला तिथंच काढायचाय. तुम्ही जरा उजळ येईल असं बघा बरं."

मी काही बोलायच्या आत पोरगी स्टुलावरून उतरली. "काका, पाणी कुठं आहे?"

मी मागचा नळ दाखवला. ती गेली, खळाखळा तोंड धुतलं, फ्रॉकच्या बाहीनं पुसत आली. सून ओरडली, "अगं, हे काय केलंस? एवढी छान दिसत होतीस!"

"माझा फोटो आजीच्या फोटोशेजारी लावायचाय ना," पोरगी म्हणाली. "मी पांढरी आले तर मी तिची आहे हे कुणाला कळणार?"

बाईंनी पदर सोडला. पूर्ण तोंड उघडं टाकून त्या हसल्या, उरलेल्या अर्ध्या जबड्यानं, आणि पोरगी त्यांच्याकडं बघून अगदी तशीच हसली. रस्त्यावर ट्रक होता. मी थांबलो नाही, फोटो काढला.